आर ११५०चा आल्टरनेटर पट्टा: घरी बदलू का? आणि वाटेसाठी काय नेऊ?

स्टुटगार्टचा_सातारकर
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात जुनी बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस घेतली. २००३ची, ८४ हजार किलोमीटर पळालेली. सर्व्हिसच्या पुस्तकात तेलाच्या नोंदी चोख आहेत, पण आल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) पट्टा बदलल्याचं कुठेच नाही. तो ६० हजारांना बदलायचा असतो. जूनअखेर एकटाच इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटात निघतोय. तिथल्या ४८ वळणांपैकी एखाद्यावर चार्जिंगचा लाल दिवा पेटला तर काय करू? पट्टा मला जमेल का? साताऱ्यात स्प्लेंडरची चेन ताणणं आणि प्लग साफ करणं, एवढाच माझा अनुभव. हत्यारांची पिशवी आत्ताच चार किलोवर गेलीय. बायको म्हणते, त्यापेक्षा मेकॅनिकलाच मागे बसव.

घाटमाथा
स्पेअर पट्टा न्याच. माझ्या स्कूटरचा आंबेनळीत तुटला, गाडी जागेवर उभी. टेम्पोत घालून पोलादपूरला उतरवली.

बॉक्सरकाका
घाटमाथा, स्कूटरचा पट्टा चाक फिरवतो. हा नुसता आल्टरनेटर फिरवतो. तुटला तरी बॅटरीत जीव आहे तोवर इंजिन चालतं.

म्हणून सातारकर, लाल दिवा दिसला तर इंजिन बंद करायचं नाही. परत स्टार्टर मारलात की बॅटरीचा मोठा घास गेला. गरम मुठी बंद, मोबाईलचं चार्जिंग बंद, आणि सरळ खालचं गाव गाठा. हेडलाइट एकटा ५५ वॅट खातो, तरी बोगद्यात तो विझवून काटकसर करू नका.

त्याआधी एक बघा. चावी फिरवून ब्रेक दाबला की पंपाची घुंईं ऐकू येते का? येत असेल तर तुमचे ब्रेक सर्वोचे, म्हणजे विजेच्या पंपाचं बळ मिळणारे आहेत. बॅटरी मेली की त्यामागचं बळ जातं. ब्रेक लागतात, पण पंजा दुखेस्तोवर आवळावे लागतात. हे उतारावर पहिल्यांदा कळण्यात मजा नाही.

पट्टा घरी बदलाच, शनिवारची दुपार पुरते. पुढच्या चाकामागे इंजिनच्या तोंडाशी प्लॅस्टिकचं काळं झाकण आहे, त्याच्याआड तो बसलेला असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आल्टरनेटरच्या मागचा जाड बोल्ट थेट बॅटरीला जोडलेला असतो, पाना त्याला आणि इंजिनला एकदम टेकला तर ठिणग्यांची दिवाळी. बॅटरी टाकीखाली आहे, तेव्हा २२ लिटर भरून आणून मग कामाला लागू नका. (मी लागलो होतो. पाठ आठवडाभर बोलत होती.)

प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं. आल्टरनेटरचे बोल्ट सैल करा, जुना पट्टा काढा, उलटा करून वाकवा. धारांवर आडव्या बारीक भेगा दिसल्या तर तो संपलाय. नवा घेताना पाठीवर छापलेलं वाचा: ४पीके म्हणजे चार धारा, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. नवा चढवून दोन फेरे फिरवा आणि टॉर्च मारून दोन्ही पुलींवर चारही धारा खाचेत आहेत ना ते बघा. एक धार बाहेर लटकत राहते आणि वरून सगळं ठीक वाटतं. माझ्याकडून पहिल्यांदा हेच झालं.

आणि हे काम फक्त गाडीवर न्यायच्या पिशवीतूनच करा. घरातल्या मोठ्या पेटीकडे हात गेला की ते हत्यार पिशवीत टाका. शेवटपर्यंत ज्याला हात लागला नाही ते बाहेर. पंक्चरचं सामान, फ्यूज आणि डोक्याला लावायचा टॉर्च मात्र न वापरताही राहू द्या.

डुगडुगवाला_३५०
आमच्या बुलेटला हा पट्टाच नाही, आल्टरनेटर थेट क्रँकवर. आमचा ताप क्लचच्या केबलचा. वरंध्यात पावसात तुटली तेव्हापासून नवी केबल जुनीच्या शेजारून ओढून, दोन्ही टोकं टेपने बांधून ठेवलीय. तुटली की दहा मिनिटांत टोकं बदलायची. तुमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, त्यामुळे तुम्हाला निरुपयोगी. पण बाइंडिंग तार आणि केबल टाय न्या.

बॉक्सरकाका
तारेला अनुमोदन. एकदा सायलेन्सर तारेवर टांगून दोनशे किलोमीटर आणलाय.

स्टुटगार्टचा_सातारकर
झालं एकदाचं! काकांनी सांगितलं तसं पिशवीतूनच केलं. तिसऱ्याच बोल्टला अडलो. माझी ॲलन की आखूड, बोल्ट खोल, आणि बोटं चाकात अडकलेली. पेटीतली लांब की काढली, ती आता पिशवीत. चौदा नंबरचे दोन पाने, हातोडी आणि मोठी पक्कड बाहेर. पिशवी दोन किलोच्या आत आली.

झाकणाच्या आत काळी रबरी भुकटी बोटभर जमली होती. जुना पट्टा उलटा केला तर भेगा जवळजवळ प्रत्येक धारेवर, एका ठिकाणी धारेचा तुकडाच गायब. सर्वोची घुंईं येते. काल रिकाम्या पार्किंगमध्ये इंजिन आणि चावी बंद ठेवून गाडी ढकलत ब्रेक दाबून पाहिला. काका, पंजा नाही, कोपरापासून दुखतं.