हँडब्रेक सोडल्यावर मागून 'टण्ण' आवाज – मदत हवी आहे

मंडळी, गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 78 हजार किमी झालेत. मागे ड्रम ब्रेक, हँडब्रेक साधा केबलवाला.

नाशिकला इंदिरानगरात आमच्या सोसायटीत पार्किंग उघड्यावर आहे. रात्रभर पाऊस झाला की सकाळी हँडब्रेक सोडून गाडी हलवताना मागच्या डाव्या चाकातून 'टण्ण' असा आवाज येतो, कुणी पातेलं आपटल्यासारखा. मग पहिली पंधरा-वीस फूट खरखर, नंतर सगळं शांत. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो, कारण ओल्या ड्रमला शू (आतून ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चिकटतात हे माहीत आहे.

पण रविवारी कसारा घाट उतरून परत चढून आलो, तर मुंबई नाक्याच्या सिग्नलला तेच चाक किंचित किंचाळत होतं. घरी आल्यावर रिमजवळ हात नेला, डावीकडे चांगलंच गरम, उजवीकडे कोमट. शिवाय लिव्हर आधी पाच 'कट-कट'ला धरायचा, आता नऊ लागतात.

मेकॅनिक म्हणाला, "शू बदला, केबल बदला, ड्रमही बदला." ड्रम न उघडताच! म्हणून विचारतोय: केबल आत गंजून अडकत असेल, की शूला मागे खेचणारी रिटर्न स्प्रिंग गेली असेल? व्हील सिलिंडर (पेडल दाबलं की शू ड्रमवर ढकलणारा) गळत असेल तर कसं ओळखायचं? सातपूर-अंबडकडे आधी ड्रम उघडून दाखवणारा कुणी असेल तर सांगा. तोवर सपाट जागी हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये, चाकाला वीट लावून ठेवतोय.