लायसन्सची बंदूक घरात भरलेली ठेवावी का?

रानवाटा: 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांचं लायसन्सचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात घुसली. सुदैवाने ते वाचले. बातमी वाचून मला एकच प्रश्न पडला, ते भरलेलं का होतं? माझं मत स्पष्ट आहे. घरात हत्यार ठेवायचंच असेल तर ते रिकामं आणि कुलपात असावं. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन चाव्या दोन माणसांकडे. बाहेरच्या चोरापेक्षा घरातल्यांनाच त्याचा धोका जास्त.

सराफकट्टा: साफ असहमत. माझ्या दुकानाचा माल कधीकधी घरी आणावा लागतो. दरोडेखोर दारात उभा असताना मी बायकोकडे चावी मागत बसू? कुलपातली रिकामी बंदूक काय कामाची? परवाना देताना पोलिसांनी आमची सगळी चौकशी केलेली असते. आम्ही जबाबदार माणसं आहोत.

रानवाटा: सराफकट्टा, तुमच्या जबाबदारीबद्दल शंका नाही. पण 22 एप्रिल 2006 ला वरळीत प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, त्या लायसन्सच्याच पिस्तुलातून. परवाना देताना माणूस कसा आहे ते पाहतात. पुढे दहा वर्षांनी घरात कसलं भांडण होईल ते कोण पाहणार?

ह्यूस्टनची_नर्स: इथे इमर्जन्सीत काम करते. अमेरिकेत 2020 पासून 1 ते 19 वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे, रस्ते अपघातसुद्धा त्यामागे. आमच्या ओळखीतल्या काही मराठी घरांतही आता पिस्तूल आहे. मुलांना खेळायला पाठवण्याआधी मी सरळ विचारते, "घरात बंदूक आहे का? कुलपात आहे का?" सुरुवातीला लोकांना राग यायचा. आला तरी विचारते.

सराफकट्टा: ताई, अमेरिकेचं इथे लावू नका. तिथे दुकानात जाऊन बंदूक घेता येते, इथे परवान्यासाठी चपला झिजतात. 1993 च्या केलरमन यांच्या अभ्यासाचा दाखला नेहमी देतात, की बंदूक असलेल्या घरात खुनाची शक्यता 2.7 पट. पण ज्याला आधीच जिवाची भीती आहे तोच बंदूक घेतो. मग धोका बंदुकीमुळे कसा म्हणायचा?

डॉक्टर_विदर्भ: आक्षेप खुनापुरता विचार करण्यासारखा आहे. पण तुम्ही सगळे चोर आणि खून यावरच बोलताय. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आमच्या भागात कीटकनाशक पिऊन आलेले अनेक जण वाचतात आणि पुढे संसार करतात. बंदुकीच्या गोळीनंतर अशी संधी फारच क्वचित मिळते. ती वाईट घटका बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते, हे मी पेशंटच्याच तोंडून ऐकलंय. इस्रायलच्या लष्कराने 2006 मध्ये शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्या जवानांना बंदूक छावणीतच ठेवायला लावली, तेव्हा त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. माणसं तीच होती, बंदूक फक्त दूर होती. कर्ज, दारू, नुकतंच कुणी गेलेलं, अशा दिवसांत हत्यार घरात नकोच. कुलपातही नको.

माडाची_वाडी: मी कुडाळकडचा. आजोबांपासून शेती संरक्षणाचा परवाना, ठासणीची बंदूक. रानडुकरं आली की एका रात्रीत भाताचा कुणगा (शेताचा तुकडा) आडवा. बार काढला की कळप पळतो. आता ती ठासायला बंदुकीची दारू, छर्रे, गज, सगळं लागतं. काळोखात, पावसात ते कसं जमणार? म्हणून पीक तयार होईपर्यंत लोक ती भरूनच ठेवतात, केप (बार पेटवणारी छोटी टोपी) तेवढी काढून. शहरातल्या दोन चाव्या आमच्या उपयोगाच्या नाहीत.

रानवाटा: दादा, तुमची अडचण खरी आहे, ती माझ्या यादीत नव्हती. पण केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही, आत दारू आणि छर्रे तसेच असतात. केप डबीत आणि डबी शेजारच्या फळीवर असेल, तर आठ वर्षांच्या पोरालाही ती लावता येईल. निदान केपांची डबी तरी कुलपात राहू दे. आणि भरलेली बंदूक माळ्यावर, पोरं झोपतात तिथे नको. तिन्हीसांजेला राखणीला जाताना शेतातल्या मांगरात (खोपटात) भरा, पहाटे परतण्याआधी बार काढून या.

माडाची_वाडी: रोज बार काढायचा म्हणजे रोज दारू फुकट. तेवढी मिळत नाही. केपांच्या कुलपाचं पटलं. एक विचारतो, भात कापून झाल्यावर बंदूक कुठे देऊन ठेवता येते का? घरात भाचा आहे, हल्ली गप्प गप्प असतो.

डॉक्टर_विदर्भ: कापणीपर्यंत थांबू नका. निवडणुकीत जमा करतात तशी आपणहूनही पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येते. पावती घ्या, परवाना सोबत न्या. भाच्याशी आज रात्रीच बोला. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तसं मनात येत नाही. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

सराफकट्टा: डुकरांसाठी तोवर आमचे फटाके पाठवतो, पत्ता कळवा. माझ्या पिस्तुलाबद्दल माझं मत अजून तेच आहे.