मदत हवी आहे: आईच्या मुतखड्यासाठी शॉकवेव्ह की लेझर, आणि पित्ताशयातील खड्यांचे काय?

माझी आई 61 वर्षांची असून नाशिकला असते. पाठीच्या डाव्या बाजूला अधूनमधून दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या मूत्रपिंडात एक खडा दिसला आणि पित्ताशयातही लहानमोठे अनेक खडे असल्याचे कळले. सीटी स्कॅनच्या अहवालानुसार मुतखडा 14 मिलिमीटरचा आहे, मूत्रपिंडाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आहे आणि त्याची घनता 1180 हाउन्सफिल्ड युनिट आहे. मूत्रपिंडाला सूज नाही, क्रिएटिनिन ठीक आहे, लघवीत जंतुसंसर्ग नाही. पित्तनलिका रुंदावलेली नाही आणि बिलिरुबिनही मर्यादेत आहे; मात्र गेल्या दिवाळीत रात्रीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊन ती खांद्यापर्यंत गेली होती. आईला मधुमेह आहे आणि अँजिओप्लास्टी झाल्यापासून अ‍ॅस्पिरिन चालू आहे.

आम्ही दोन मूत्रविकारतज्ज्ञांना भेटलो. पहिल्यांनी बाहेरून शॉकवेव्ह देऊन खडा फोडण्याचा सल्ला दिला: कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी जाता येते, कदाचित दोन-तीन वेळा यावे लागेल. दुसऱ्यांच्या मते मूत्रमार्गातून लवचिक दुर्बीण घालून लेझरने खड्याचा चुरा करणे, म्हणजे आरआयआरएस, अधिक योग्य ठरेल; त्यासाठी पूर्ण भूल लागेल आणि नंतर काही दिवस डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी, आत ठेवावा लागेल. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही शांतपणे समजावून सांगितले, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे ठरवणे उलट कठीण झाले आहे.

त्यात मामांचा आग्रह असा की, यंत्र आहेच तर त्याच वेळी पित्ताशयातील खडेही फोडून घ्यावेत. मी वाचले ते असे की म्युनिकमध्ये 1980 साली डॉर्निअर या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्राने पहिल्यांदा रुग्णाचा मुतखडा फोडला गेला, आणि 1985 मध्ये त्याच शहरात पित्ताशयातील खड्यांवरही ही पद्धत वापरली गेली. मग पित्ताशयासाठी ती मागे का पडली? आणि आईच्या खड्याचा आकार, जागा व घनता पाहता पहिल्या डॉक्टरांचा मार्ग कितपत यशस्वी होईल? जाणकारांनी किंवा यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

मी मूत्रविकारतज्ज्ञ आहे. स्कॅन प्रत्यक्ष पाहिलेला नसल्यामुळे माझे मत निर्णय म्हणून न घेता, तुमच्या डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची तयारी म्हणून घ्यावे.

शॉकवेव्ह पाण्यातून आणि मऊ ऊतींमधून फारशी अडखळत नाही, खड्याच्या कठीण पृष्ठभागावर मात्र तिची शक्ती बाहेर पडते आणि खड्याला तडे जातात. एवढ्यावर काम संपत नाही, कारण फुटलेले तुकडे लघवीबरोबर आपणहून बाहेर पडावे लागतात. खालच्या कप्प्यातून त्यांना वर चढून यायचे असते, आणि कप्प्याची मान अरुंद किंवा लांब असेल तर ते तिथेच राहतात व पुढे त्यांच्याभोवती पुन्हा खडा वाढतो. शिवाय 1000 हाउन्सफिल्डच्या वरचे खडे शॉकवेव्हला सहसा दाद देत नाहीत. हाच खडा 8 मिलिमीटरचा, वरच्या कप्प्यात आणि कमी घनतेचा असता तर मीही शॉकवेव्हच सुचवली असती.

तुम्ही जाता जाता लिहिलेली अ‍ॅस्पिरिनची गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. शॉकवेव्हमुळे मूत्रपिंडाभोवती रक्त साचू शकते, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे आधी थांबवावी लागतात, आणि हृदयात स्टेंट असलेल्या व्यक्तीने ती हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवणे धोक्याचे आहे. लेझरची प्रक्रिया बहुतेकदा अ‍ॅस्पिरिन चालू ठेवूनही करता येते. त्यामुळे माझा कल दुसऱ्या डॉक्टरांकडे आहे. पाठीतून छिद्र करून खडा काढण्याची पीसीएनएल पद्धत प्रामुख्याने 20 मिलिमीटरहून मोठ्या खड्यांसाठी असते.

मामांचा प्रश्न रास्त आहे, पण पित्ताशयाची परिस्थिती वेगळी असते. मूत्रपिंडातून लघवीचा प्रवाह सतत चालू असतो, पित्ताशयाचे तोंड मात्र एका अरुंद नळीत उघडते. तिथून सरकलेला तुकडा पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आणि सगळे तुकडे निघून गेले तरी खडे तयार करणारे पित्ताशय जागेवरच राहते, म्हणून अनेकांना काही वर्षांत पुन्हा खडे होत. त्याच सुमारास दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया रुळली. भारतात ती 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी प्रथम केली. पित्तविकारांत शॉकवेव्ह आज मुख्यतः ईआरसीपीने (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेतील खडे काढण्याच्या पद्धतीने) न निघणाऱ्या पित्तनलिकेतील मोठ्या खड्यांपुरती उरली आहे. खडे विरघळवणाऱ्या अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या फक्त लहान, कॅल्शियम नसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात, त्याही कित्येक महिने घ्याव्या लागतात.

त्रास न देणारे पित्ताशयातील खडे तसेच राहू दिले तरी सहसा चालते. तुमच्या आईंना मात्र खांद्यापर्यंत जाणारी कळ येऊन गेली आहे आणि मधुमेहही आहे, त्यामुळे पोटविकाराच्या शल्यचिकित्सकांना लवकर दाखवा. कोणी कुळथाचे कढण सुचवेल. ते पिण्यास हरकत नाही, पण त्याने 14 मिलिमीटरचा खडा पडत नाही. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर मात्र वाट न पाहता रुग्णालयात जा.

धागाकर्ता:

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. पहिल्या डॉक्टरांशी बोलताना अ‍ॅस्पिरिनचा विषय निघालाच नव्हता. आता हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी सल्ला घेऊन तो दोन्ही डॉक्टरांना दाखवणार आहोत. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लेझर आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया एकाच भुलेत करून घेतलेले कोणी इथे आहे का, की दोन्हींमध्ये अंतर ठेवणेच वयाच्या दृष्टीने बरे? आणि डीजे स्टेंट आत असताना लघवीला जळजळ व वारंवार जावे लागणे साधारण किती दिवस राहते? आई एकटी राहते, त्यामुळे तिच्याजवळ कोणी किती दिवस थांबायचे हे त्यावर ठरवावे लागेल.