परदेशी पाठवलेलं रजिस्टर पाकीट १९ दिवस एकाच नोंदीवर अडकलंय. थांबू की चौकशी लावू?

नमस्कार मंडळी. ताई परदेशात असते. तिला जन्मदाखला आणि विवाहदाखला मूळ स्वरूपात हवे होते, म्हणून मी ते रजिस्टर पोस्टाने पाठवले. पहिले चार दिवस ट्रॅकिंग हलत होतं, मग 'विनिमय कार्यालयातून रवाना' (म्हणजे परदेशी टपाल जिथून जातं-येतं ते कार्यालय) अशी नोंद आली. तेव्हापासून आज १९ दिवस तीच ओळ आहे. सकाळी उठल्याउठल्या आधी तेच पान उघडते. ताईकडच्या टपालाच्या साइटवर नंबर टाकला तर काहीच दिसत नाही. तिची कागद द्यायची मुदत २५ दिवसांवर आली आहे.

नंबर 'आरआर'ने सुरू होतो, मग नऊ आकडे, शेवटी आपल्या देशाची दोन अक्षरं. पाकिटाचा फोटो काढून ठेवला होता, त्यावरून पत्ता पुन्हा पुन्हा तपासला, बरोबर आहे. पण काल ताई बोलता बोलता म्हणाली की तिच्या पत्रपेटीवर घरमालकाचं नाव आहे. पाकिटावर मी फक्त तिचंच नाव लिहिलंय. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आणखी एक. आईच्या हस्ताक्षरातली वहीही ताईला पाठवायची आहे. ती हरवली तर दुसरी मिळणार नाही. ती कशी पाठवू?

प्रतिसाद १
'रवाना' म्हणजे विमान सुटलं असं नव्हे. विनिमय कार्यालयात तुमचं पाकीट इतर पत्रांबरोबर पिशवीत बंद झालं, एवढाच त्याचा अर्थ. पुढची नोंद ती पिशवी पलीकडच्या विनिमय कार्यालयात उघडल्यावरच होते. विमानात जागा मिळेपर्यंत पिशवी पडून राहते, आणि वाटेत तिसरा देश असेल तर तिथे बंद पिशवी उघडत नाहीत. म्हणून नोंद नाही म्हणजे हरवलं, असं धरू नका.

नंबराचं पहिलं अक्षर 'आर' म्हणजे नोंदणीकृत, 'ई' म्हणजे ईएमएस (परदेशी जलद टपाल), 'सी' म्हणजे पार्सल. तुमचा नंबर 'यू'ने, म्हणजे ट्रॅकिंग नसलेल्या साध्या टपालाच्या अक्षराने, सुरू झाला असता तर ट्रॅकिंगची आशाच सोडायला सांगितलं असतं. रजिस्टर केल्याने पाकिटाची नोंद राहते, वेग वाढत नाही. हे काउंटरवर क्वचितच कुणी समजावून सांगतं.

प्रतिसाद २
वरचं सगळं खरं, पण मुदत डोक्यावर असताना मी थांबले नसते. पाठवणाऱ्याने आपल्याच टपाल खात्याकडे चौकशी अर्ज द्यायचा, त्याला 'सीएन ०८' म्हणतात. टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने तो देता येतो, पण उत्तर यायला वेळ लागतो म्हणून आजच द्या. पावती जपा, तिच्याशिवाय पुढे काही हलत नाही.

त्याच वेळी दाखल्यांच्या नव्या प्रती काढून ईएमएसने पाठवा. तोवर स्कॅन चालेल का, हे ताईने त्या कार्यालयात लेखी विचारावं.

नावाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत पाठवू शकतो. पत्ता दुरुस्त करायला 'सीएन १७' अर्ज असतो, पण तिकडचा कायदा मान्य करत असेल तरच. त्यापेक्षा ताईने आजच पेटीवर स्वतःचं नाव चिकटवावं.

वहीचं: आधी पान न् पान स्कॅन करा, कव्हरसुद्धा. मग विमा असलेली सेवा त्या देशासाठी आहे का विचारा, सगळीकडे ती नसते. विमा मिळाला तरी पैसे येतील, वही नाही. वस्तू असलेल्या टपालाची माहिती १ जानेवारी २०२१ पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आगाऊ पाठवावी लागते. वही कागदपत्रांत धरतात की वस्तूंत, ते काउंटरवर विचारा. आत काय आहे ते सांगणारा सीमाशुल्काचा (कस्टम्सचा) जाहीरनामा भरावा लागला तर नुसतं 'भेट' लिहू नका, 'जुनी हस्तलिखित वही' असं स्पष्ट लिहा. शक्य असेल तर कुणी जाणारं भेटेपर्यंत थांबा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. चौकशी अर्ज आज दिला, नव्या प्रतींसाठीही अर्ज केला. ताईने घरमालकांना विचारून पेटीवर नाव लावलं, फोटोही पाठवला. वही पाठवत नाही. आज पहिली चाळीस पानं स्कॅन झाली. काही पानांवर शाई कागदाच्या मागे उमटली आहे, मागचं-पुढचं एकात एक दिसतं. पानामागे काळा कागद ठेवून स्कॅन केलं तर अक्षर स्पष्ट येईल का? कुणी करून पाहिलंय?