जाऊबाईचा हात वर जात नाही

आर्वीकडची सून:
माह्या मोठ्या जाऊबाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सेवाग्रामले झालं. आज अठरावा दिवस. जखमेतलं पाणी काढाची नळी निघाली, पण उजवा हात खांद्यावर जातच नाही. वेणी मीच घालून देतो. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपतात, बोलत नाहीत. फक्त विचारतात, कापूस वेचाले कधी जाऊ?

वरुडची ताई:
माह्यं 2019 मंधी झालं. डॉक्टरले विचारून भिंतीवर बोटं वर वर चालवा, हात पोचला तिथं रोज खडूनं खूण करा. माही खूण दीड महिन्यानं चौकटीवर गेली. त्या हाताले सुई नोको, बीपीचा पट्टा नोको. बोंडाचं टोक लागलं तरी साबणानं धुवा. सूज, लाली दिसली की दवाखाना. वेचणी यंदा सोडाच, बाई.

सेलूची मावशी:
टाके भरल्यावर मी मऊ धोतराची पिशवी शिवली, घरचाच पिंजलेला कापूस भरला, काढलेल्या स्तनाच्या जागी ब्लाउजात ठेवली. तवा कुठं लग्नाले गेलो. केमोले रेल्वेनं जात असाल तर दवाखान्यातून सवलतीचा फॉर्म घ्या.

आर्वीकडची सून:
काल खडू आणला. पहिली खूण कोनाड्याखाली. आज जाऊबाई स्वतःच उठून भिंतीजवळ गेल्या. मी बाजूलेच होतो.