एपिकवर गेम फुकट मिळतात, तरी आपण स्टीमवरच पैसे का घालतो?

कोकणी_स्नायपर: मंडळी, एपिक आणि स्टीम ही दोन्ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं. एपिक दर गुरुवारी गेम फुकट वाटतं, तरी काल मित्राला म्हटलं अमुक गेम तिथे दोनशेने स्वस्त आहे तर म्हणतो राहू दे, स्टीमचा सेल लागला की घेईन. च्यायला, दुकानच ना ते, त्यात एवढी निष्ठा कसली?

जुना_गडी: अरे सुरुवातीला लोक शिव्याच घालायचे. स्टीम आलं २००३ ला, पुढच्या वर्षी त्यांचाच गेम हाफ-लाइफ २, त्याचा डबा दुकानातून आणला तरी स्टीमवर अकाउंट काढून नेट जोडल्याशिवाय गेम चालू होत नव्हता, आणि पहिल्याच दिवशी सर्व्हर झोपले. पैसे मोजून वर परवानगी कसली मागायची! पण मग पीसी तीनदा बदलला, सीडी कुठल्या माळ्यावर गेल्या देव जाणे, स्टीमचे गेम मात्र लॉगिन केलं की जागच्या जागी. तिथे पटलं.

रात्रपाळी: माझ्यापुरतं उत्तर रिफंड. २०१५ पासून नियमच आहे, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. मी एक गेम घेतला, मेन्यूतच लॅपटॉपचा पंखा असा घोंघावला की आई आतून विचारते, मिक्सर कोणी लावला? अर्धा तास सेटिंग खालीवर केली, शेवटी कारणाच्या जागी 'लॅपटॉप म्हातारा झालाय' लिहून पाठवलं, आले पैसे वॉलेटमध्ये. अर्थात उपकार नाहीत हां, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ लाच रिफंडवरून कोर्टात खेचलं होतं स्टीमवाल्यांना, पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंडही बसला.

पायरेट_रिटायर्ड: +१. आणि २०१५ लाच रुपयात किमती आल्या ते विसरू नका, त्याआधी डॉलर बघूनच मी टॉरेंटकडे वळायचो. स्टीमच्या कंपनीचा मालक गेब न्यूवेल म्हणतोच की पायरसी म्हणजे भावाचा नाही, सेवेचा प्रश्न. माझ्या बाबतीत दोन्ही होते 😅 पण क्रॅक (गेमचं कुलूप तोडणारी फाइल) शोधा, अँटीव्हायरस बंद करा, अपडेट आला की परत पहिल्यापासून, त्यापेक्षा सेलमध्ये दीडशेला घेतलेला बरा.

बिनकुलपी: निष्ठा वगैरे काही नाही, अडकलोय आपण. शंभरेक गेम तिथे, मित्र तिथे, सेव्ह तिथे, सोडणार कसं? आणि घेतो तो गेम नाहीच, लायसन्स आहे, नुसती खेळायची परवानगी. मी जीओजीवाला, पोलंडचं दुकान, २००८ पासून डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) नाही, इन्स्टॉलर उतरवून हार्डडिस्कवर टाकला की विषय संपला. मात्र नवा मोठा गेम तिथे बऱ्याचदा उशिरा येतो, तेव्हा मी पण गुपचूप स्टीमवरच 🙈

जुना_गडी: @बिनकुलपी पकडलास स्वतःलाच! एपिकचं म्हणाल तर दुकान उघडलं २०१८ च्या डिसेंबरात आणि शॉपिंग कार्ट आली २०२१ च्या डिसेंबरात. तीन वर्षं पिशवीच नव्हती बाजारात.

कोकणी_स्नायपर: आत्ता एपिकची लायब्ररी उघडून मोजली. ६८ गेम, सगळे फुकटचे. इन्स्टॉल केलेला एक, तोही अर्धवट.