घोंगडी आणि सागाच्या पट्ट्यांतून कोकणकडा: जोडणी कशी करावी?

घाटवाट_भटका
हॉलच्या भिंतीवर टांगायला चार फूट बाय अडीच फुटांचा कोकणकडा, म्हणजे हरिश्चंद्रगडाचा तो उंच कडा, करतोय. गडाचे फोटो भरपूर आहेत, पण मला थर हाताला लागायला हवेत. कातळाला घरातली जुनी काळी घोंगडी, गवताच्या टप्प्यांना विटलेलं हिरवं इरकली लुगडं आणि खाली कोकणासाठी जुन्या दाराच्या सागाच्या पट्ट्या. घोंगडी फळीवर फेव्हिकॉलने चिकटवली तर टिकेल का? भिंत पावसाळ्यात ओल धरते.

गोधडीवाली_वाई
दादा, चिकटवू नका. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लोकरीला सुरकुत्या पडतात. शिवाय सागाच्या अंगच्या तेलामुळे चिकटकाम नीट धरत नाही. आधी सगळं कापड मांजरपाटावर (साध्या जाड सुती कापडावर) धावदोऱ्याने शिवा, वर मागून नेफा करून दांडी घाला. सागाच्या पट्ट्यांना रुंदीच्या मधोमध, एका ओळीत भोकं पाडून मेणदोऱ्याने बांधा; दोन्ही कडा मोकळ्या राहतील.

आणि थर सारख्या जाडीचे करू नका हो! आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालाय. टणक थर सरळ उभा तुटतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि गवत तिथेच धरतं. म्हणून घोंगडीवर उभे टाके, लुगड्यावर आडवे. कोकणकडा आत वळलेला आहे, तो सपाट केला तर कुठलाही डोंगर वाटेल. दोन्ही बाजूंना घोंगडीचे दोन-तीन पदर घ्या, मध्ये एकच ठेवा. ही खोली साधली की निम्मं काम झालं.

रंधा_कुडाळ
ताईंशी सहमत. सागाचा कडेचा पांढरा भाग काढून टाका, भुंगा तिथेच लागतो. मागे लाकडी ठोकळे लावून चौकट भिंतीपासून बोटभर पुढे ठेवा, वारा खेळला पाहिजे. पण आधी ओलीचं मूळ शोधा, नाहीतर लोकरीला बुरशी येईलच.

घाटवाट_भटका
दोघांचे आभार. घोंगडी खळीमुळे कडक आहे. धुऊ का?

गोधडीवाली_वाई
धुवा, पण गार पाण्यात. चोळायची नाही, पिळायची नाही. गरम पाण्यात लोकर आटते. चिंचोक्याची खळ निघाली की सुई सहज जाते. लुगड्याचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी बघा.